दात कोरून वर्ष निघत नाही

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्रलेखक 44 वर्षांचे गृहस्थ आहेत. नोकरी गेल्यावर त्यांनी मित्राबरोबर भागीदारीत हंगामी व्यवसाय सुरू केला. नफ्याचा वाटा वर्षातून एकदाच, हंगाम संपल्यावर हातात येतो आणि घर पुढचं वर्षभर त्यावर चालतं. घरात ते, पत्नी, आई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि नववीतला मुलगा अशी पाच माणसं. पत्नीच्या अर्धवेळ कामाचे पैसे आईच्या औषधपाण्याला जातात, ते या हिशेबाबाहेर आहेत. पहिल्या वर्षी नफा यायला उशीर झाला, तेव्हा दोन महिन्यांच्या घरखर्चासाठी पत्नीच्या भावाकडून हातउसने पैसे घेतले. तेव्हापासून दरवर्षी वाटा आला की आधी मेहुण्यांचे पैसे फिटतात, दहाव्या महिन्याअखेर हात रिकामा होतो आणि शेवटच्या दोन महिन्यांसाठी पुन्हा मेहुण्यांकडेच जावं लागतं.

ते लिहितात: “मी वर्षाच्या रकमेचे बारा भाग करतो आणि पै-पैचा हिशेब ठेवतो. पहिले सहा महिने दरमहा ठरवलेल्यापेक्षा कमीच खर्च होतो, तरी वर्षाच्या शेवटी खडखडाट. मग वाचवलेले पैसे जातात कुठे? मधेच फी, विमा, दुरुस्ती असलं काहीतरी अचानक उपटतं हे खरं, पण घरात कुठेतरी गळती आहे असं मला वाटतं. मी स्वतः खोल्याखोल्यांतून दिवे बंद करत फिरतो, बाकीच्यांना त्याचं काही नाही. बायको म्हणते, हे घर आहे की ऑफिस? मुलाने शाळेच्या सहलीचा कागद आम्हाला दाखवलाच नाही, दप्तर आवरताना सापडला. आता आणखी काय कापू? घरच्यांना शिस्त कशी लावू? गाडी विकू का? आई विकू नको म्हणते. आरोग्य विमा बंद केला तर चालेल का? आणि वर्षाचं सामान एकदम भरून ठेवलं तर फायदा होईल का?”

नमस्कार,

पत्रासोबत तुम्ही हिशेबाची पानं जोडलीत, ते फार बरं झालं. नाहीतर “पैसे पुरत नाहीत” एवढ्यावरून सल्ला द्यायचा म्हणजे अंधारात तीर. आणखी काय कापायचं ते नंतर बघू. आधी तुमचेच आकडे जरा वेगळ्या पद्धतीने मांडून पाहू. समजायला सोपं जावं म्हणून वर्षाची सगळी रक्कम 100 भाग धरतो.

रक्कम येते, मेहुण्यांचे 12 भाग लगेच परत जातात. उरले 88. तुमच्या हिशेबात रोजचा घरखर्च महिन्याला साधारण 6 भाग पडतो, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत 36 गेले आणि हातात राहिले 52. अर्धं वर्ष संपलं तरी निम्म्याहून जास्त रक्कम शिल्लक! त्यातून तुम्ही स्वतःला घालून दिलेली मर्यादा 100 भागिले 12, म्हणजे महिन्याला सव्वाआठच्याही थोडी वर. तुम्ही भागवताय 6 मध्ये. आपण दरमहा दोनेक भाग वाचवतोय असं तुम्हाला वाटलं तर त्यात नवल नाही. मग सातव्या ते नवव्या महिन्यात दोघा मुलांची फी, दोन विम्यांचे हप्ते, घराचा कर आणि दुरुस्त्या मिळून 28 भाग जातात. त्या तीन महिन्यांचा घरखर्च 18. नवव्या महिन्याअखेर उरतात 6, त्यात दहावा महिना निघतो. अकरा आणि बारा हे दोन महिने उघडे पडतात. त्यांचे 12 भाग मेहुण्यांकडून येतात आणि नव्या वर्षी पहिल्याच आठवड्यात परत जातात.

आता मेहुण्यांची देवघेव घटकाभर बाजूला ठेवा. घरखर्च 6 गुणिले 12 म्हणजे 72. वर्षाचे मोठे खर्च 28. बेरीज 100.

म्हणजे तुमचं घर कमाईपेक्षा एक दमडीही जास्त खर्च करत नाही. जेवढं येतं तेवढंच जातं. गळती कुठेच नाही, कोणी काही उडवत नाही. पहिल्या वर्षी नफा उशिरा आला तेव्हा दोन महिन्यांचा जो खड्डा पडला, तो एकच खड्डा तुम्ही दरवर्षी पुढे ढकलताय. खर्च कमाईच्या वर जात असता तर मेहुण्यांकडून घ्यायची रक्कम दरवर्षी फुगत गेली असती. ती फुगलेली नाही. तुम्ही मात्र त्या खड्ड्याचा गुन्हेगार घरात शोधताय, आणि संशय घ्यायला घरात चार माणसं आयती आहेत.

पत्रात तुम्ही फी, विमा आणि दुरुस्ती यांना “अचानक उपटणारे” खर्च म्हटलंय. फीची तारीख शाळा वर्षभर आधी सांगते. विम्याचा हप्ता दरवर्षी त्याच महिन्यात येतो. दुरुस्तीचा दिवस सांगता येत नाही, कबूल. पण वर्षभरात घरातली एकही वस्तू बिघडली नाही असं वर्ष तुमच्या आठवणीत आहे का? अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तुम्ही तसं करताही. फक्त अंथरूण मोजताना त्यातला चौथ्या हिश्शाहून मोठा तुकडा आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे, हे राहून जातं. वर्षाला बाराने भागणं ही या हिशेबातली खरी चूक आहे. भागायचं ते उरलेल्याला.

तेव्हा यंदा रक्कम आली की एक कागद घ्या आणि बारा रकाने आखा. मागच्या दोन वर्षांचं बँकेचं पासबुक किंवा स्टेटमेंट समोर ठेवा आणि महिन्याच्या ठरलेल्या खर्चात न बसणारी प्रत्येक मोठी रक्कम त्या त्या महिन्याच्या रकान्यात लिहा. आठवणीवर विसंबू नका. मोठे खर्च विसरण्यात माणसाचा हात कोणी धरणार नाही. दुरुस्त्यांसाठी दोन वर्षांची सरासरी धरा. बेरीज 28 च्या आसपास येईल. ते 28 भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका, ज्याचं कार्ड पाकिटात नाही आणि जे फोनवरच्या पैसे देण्याच्या अॅपला जोडलेलं नाही. बाकीची रक्कम दुसऱ्या खात्यात ठेवा आणि तिथून दर महिन्याच्या एक तारखेला घरखर्चाच्या खात्यात ठरावीक पैसे आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. थोडक्यात, स्वतःला पगार सुरू करा. नोकरीत असताना हेच काम मालक करत होता. आता ते तुमच्याकडे आलंय, एवढाच फरक.

ज्या वाचकांना दरमहा पगार मिळतो त्यांनी हाच हिशेब उलटा करावा. वर्षाच्या मोठ्या खर्चांची बेरीज करायची, तिला बाराने भागायचं आणि तो बारावा हिस्सा पगार झाल्या दिवशी बाजूला काढायचा. महिना संपताना उरलं तर काढू, असं म्हटलं की उरत नाही. आठवड्याच्या हिशेबाने घर चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. आठवड्याचा खर्च चारने गुणून महिना आणि महिना बाराने गुणून वर्ष काढलं, तर हिशेबात 48 आठवडे येतात. वर्षात असतात 52. ते चार आठवडे कुठल्याच महिन्याच्या खाती पडत नाहीत, पण त्या आठवड्यांत माणसं जेवतात.

आता खड्डा कसा बुजवायचा? 12 भाग एका वर्षात वाचवायला गेलात तर घरखर्च 6 वरून 5 वर आणावा लागेल. म्हणजे सहावा हिस्सा कापायचा. आधीच काटकसरीत असलेल्या घरात हे जमणार नाही. किंबहुना जमू नये, कारण ते मुलांच्या ताटातून आणि आईच्या तब्येतीतून वसूल होईल. तीन वर्षं घ्या. वर्षाला 4 भाग फेडायचे. 28 गेले की घरखर्चाला 72 राहतात, 4 मेहुण्यांना गेले की 68. त्याला बाराने भागलं की महिन्याला 5.67. आजच्या 6 पेक्षा फक्त अठरावा हिस्सा कमी. एवढं पोटाला चिमटा न बसता निघू शकतं. तीन वर्षांनी मेहुण्यांचं देणं शून्य, आणि चौथ्या वर्षीही त्याच शिस्तीत राहिलात तर तेच 4 भाग तुमची स्वतःची गंगाजळी.

मेहुणे व्याज घेत नाहीत, ही तुमची सुदैवाची बाजू. ज्यांचं देणं व्याजाचं आहे त्यांनी तीन वर्षं थांबू नये. महिन्याला 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याज मुदलात चढत गेलं तर वर्षाला ते जवळजवळ 43 टक्के होतं. दुसरा सापळा सरसकट दराचा. 100 घेतले, “फक्त 10 टक्के” म्हणून 110 चे बारा समान हप्ते केले. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र पूर्ण 100 वर वर्षभर लागलेलं असतं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर 18 टक्क्यांच्या आसपास पडतो. हप्त्यावर काहीही घेताना दर घटत्या शिलकीवर आहे का, एवढा एक प्रश्न विचारायचा. आणि असं देणं डोक्यावर असताना साठवण्याचा हट्ट नको. अडीअडचणीपुरती रक्कम ठेवून बाकीचं आधी तिकडे.

मग तो अठरावा हिस्सा काढायचा कुठून? तुम्ही दिव्यांपासून सुरुवात केलीत. 9 वॅटचा एक एलईडी दिवा दोन तास उगाच जळला तर विजेच्या एका युनिटचा पन्नासावा हिस्साही जात नाही. उलट 20 लिटरची एक बादली पाणी 20 अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. त्यात तोच दिवा 50 तासांहून जास्त जळेल. पाच माणसांच्या पाच बादल्या विजेवर तापत असतील तर रोजचे सव्वादोन युनिट तिथे आहेत. पाणी गरजेपुरतंच तापवा आणि तापवून थंड होऊ देऊ नका. टाकी असलेला हीटर असेल तर त्याचं तापमान थोडं खाली आणा. दिवे जळू द्या असं मी म्हणत नाही. पण एका दिव्यावरून मुलीशी दहा मिनिटं वाद घालायचा आणि पाणी तासभर उकळत ठेवायचं, याला काटकसर म्हणायला माझं मन धजत नाही. दात कोरून पोट भरत नाही, दिव्यांनी वर्ष भरत नाही.

खरी बचत वर्षातून एकदा घेतलेल्या निर्णयांत असते. घरभाडं, वाहन, विम्याचा प्रकार, फोन आणि इंटरनेटचे प्लॅन, परस्पर खात्यातून कापली जाणारी वर्गणी. पाच फोनचे पाच प्लॅन एका बैठकीत तपासले की पुढचे बारा महिने त्यासाठी कोणावर डोळे वटारावे लागत नाहीत. स्टेटमेंट चाळताना दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांखाली रेघ मारा. त्यातली निदान एक अशी निघतेच, जी कशासाठी आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

खाण्यापिण्यात कापाकापी सुचवताना मात्र मी हात आखडता घेईन. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 साली बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी, तितका अन्नावरच्या खर्चाचा वाटा मोठा. आजही चणचणीच्या घरात हिशेब मांडला की सगळ्यात मोठा आकडा तोच दिसतो, आणि सुरी आधी तिथेच चालते. वाया जाणारं थांबवा. काय उरलंय ते बघून मग पुढचं आणा, आठवड्यातला एक दिवस घरात आहे त्यातच भागवायचा ठेवा. पण ताटातलं कमी करू नका. नववीतला मुलगा वाढीच्या वयात आहे.

सामान एकदम भरण्याचं म्हणाल, तर तुमच्यासारख्या एकरकमी उत्पन्नाच्या घरात तो विचार चांगला आहे, पण निम्माच. न नासणाऱ्या आणि नेहमी लागणाऱ्या वस्तू, धुण्याभांड्याचं सामान, वह्या, टिकणारा किराणा, सुरुवातीला भरा, तेही दर किलोचा किंवा नगाचा भाव लहान पुड्याशी ताडून पाहून. मोठा पुडा दरवेळी स्वस्त असतोच असं नाही. वर्षाचं नको, तीन-चार महिन्यांचं पुरे. घरात भरपूर दिसलं की हात सैल सुटतो, हा अनुभव प्रत्येक घराला असतो. एक युक्ती मात्र करून बघा. शेवटच्या दोन महिन्यांसाठी लागणारं टिकाऊ सामान आधीच आणून वेगळं बांधून ठेवा. ही बेगमी असली की अकरावा महिना उजाडताना धाकधूक बरीच कमी होते.

आरोग्य विमा बंद करू नका. यावर मी फार लिहिणार नाही. तुमच्या घराला एकच गोष्ट खरोखर बुडवू शकते आणि ती म्हणजे मोठं आजारपण. हप्ता जड जात असेल तर पहिला काही खर्च स्वतः सोसायची अट स्वीकारून हप्ता कमी होतो का, ते विचारा. आणि नूतनीकरणाची तारीख चुकवू नका, नाहीतर आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षेची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाण्याची वेळ येते.

गाडीबद्दल माझा कल विकण्याकडे आहे, पण तो निर्णय आज घेऊ नका. तुम्ही गाडीच्या खर्चात फक्त इंधन धरलंय. त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर-बॅटरीचा वर्षाचा हिस्सा आणि दरवर्षी उतरणारी किंमत मिळवा. आलेल्या बेरजेला वर्षात झालेल्या फेऱ्यांनी भागा. एका फेरीचा आकडा येईल, तो भाड्याच्या गाडीच्या फेरीशी ताडा. तुम्ही लिहिल्याप्रमाणे गाडी आठवड्यातून दोनदा कामाला आणि महिन्यातून एकदा आईला दवाखान्यात न्यायला निघते, म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या आत-बाहेर फेऱ्या. एवढ्या वापराला भाड्याचं वाहन बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि विक्रीतून मेहुण्यांचं देणं एका झटक्यात फिटू शकतं. पण कामाच्या जागी जायला दुसरं साधनच नसेल, किंवा आईला अवेळी न्यावं लागत असेल, तर निव्वळ आकडा पुरत नाही. आईंशी बोला. त्या विकू नको म्हणतात ते गाडीसाठी की रात्री-अपरात्रीच्या भीतीपोटी, हे कळलं तर दुसरा उपायही सुचेल.

आज नको म्हणतो, कारण तुम्ही पत्र लिहिलंय ते अकराव्या महिन्यात. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ या संशोधकांनी तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास करून 2013 साली तो प्रसिद्ध केला. त्या शेतकऱ्यांचं उत्पन्नही तुमच्यासारखंच, वर्षातून मोठ्या रकमेने येणारं. विचारशक्तीच्या चाचण्यांत तोच शेतकरी तोडणीनंतर, हातात पैसा असताना, जेवढा चांगला ठरला तेवढा तोडणीआधीच्या ओढाताणीत ठरला नाही. माणूस तोच, डोकं तेच, पण पैशाच्या विवंचनेने त्यातली बरीच जागा अडवलेली. म्हणून गाडी, विमा, मुलांचं शिक्षण असले निर्णय रक्कम आल्यानंतरच्या महिन्यात बसून घ्या. शिवाय गरजवंताला गाडीचा भावही कमीच मिळतो.

आता शिस्तीचा प्रश्न. तुमच्या हिशेबाच्या पानांवर शेवटचा रकाना “शेरा” असा आहे. मुलीच्या खर्चापुढे तिथे “कशाला?” लिहिलंय. पत्नीच्या एका खर्चापुढे “टाळता आलं असतं”. मुलाच्या पेनापुढे पुन्हा “कशाला?”. तुमच्या स्वतःच्या खर्चापुढे तो रकाना सगळीकडे कोरा आहे. तुम्ही हे मुद्दाम केलं नसणार, पण घरातल्यांनी ती पानं पाहिली असतील तर त्यांना काय वाटलं असेल याचा विचार करा. “हे घर आहे की ऑफिस?” या वाक्यात मला कुरकुर कमी आणि दमणूक जास्त ऐकू येते.

मुलाने कागद लपवला याला तुम्ही बेफिकिरीच्या यादीत घातलंय. मला ते उलट दिसतं. त्या मुलाने घरची परिस्थिती कोणी न सांगता वाचली आणि स्वतःच्या मनाने सहल रद्द केली. पैसे नाहीत हे त्याला माहीत आहे, पण नक्की किती नाहीत हे माहीत नाही, आणि न कळलेली टंचाई मुलांना नेहमी खऱ्यापेक्षा मोठी वाटते. त्याला शंभर भागांचा तो कागद दाखवा. नववीतल्या मुलाला एवढं गणित येतं. आपण कर्जात बुडालेलो नाही, दोन महिन्यांचा खड्डा आहे आणि तो तीन वर्षांत बुजेल, हे त्याने आकड्यांतून पाहू दे. सहलीची तारीख गेली नसेल तर त्याला पाठवा. बारा रकान्यांच्या कागदावर पुढच्या वर्षीची सहलही आधीच लिहा.

शेरा रकाना काढून टाका. घरातल्या प्रत्येकाला, आईंना आणि स्वतःलाही, दर महिन्याला एक छोटी रक्कम अशी द्या जिचा हिशेब कोणी मागायचा नाही. ती 5.67 च्या आतूनच काढा. खर्च वाढेल असं तुम्हाला वाटेल. पण ज्या पैशाचा जाब द्यायचा नसतो तो माणूस अनेकदा जपून वापरतो, कारण तो संपला की मागायला जागा नसते. बाकीच्या खर्चाचा हिशेब रोज रात्री एकट्याने करू नका. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, पत्नीबरोबर. मुलीलाही बसवा. फोनचे प्लॅन तपासण्याचं काम तिच्याकडेच द्या, तुमच्याआधी उरकेल. आणि अठरावा हिस्सा कुठून काढायचा हे तुम्ही जाहीर करू नका, त्यांना सुचवू द्या. पत्नीला सुचलेली काटकसर ती स्वतः पाळेल. तुम्ही लादलेली पाळून घ्यायला तुम्हाला पहाऱ्यावर बसावं लागेल.

हे सगळं करूनही 5.67 मध्ये भागत नाही असं दिसलं, तर आणखी कापायला जाऊ नका. काटकसरीला तळ असतो आणि तुमचं घर त्याच्यापासून फार लांब नाही. मग प्रश्न कमाईचा आहे आणि त्याच्याकडे तसंच बघायला हवं. हंगाम नसलेल्या महिन्यांत तुम्ही काय करता, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. तुम्ही नोकरीत जे काम करत होता ते सुट्या स्वरूपात मिळतं का? भागीदाराशी बोलून वाटा दोन हप्त्यांत घेता येतो का? दुसऱ्या बाबीने कमाई वाढत नाही, पण सातव्या महिन्यात हातात पैसा येतो आणि ऐन वेळी होणारी दमछाक टळते. फी हप्त्यांत देता येत असेल तर तेही विचारा, फक्त हप्त्यांची बेरीज एकरकमी फीपेक्षा किती जास्त होते ते आधी बघा.

राहिला मेहुण्यांचा विषय. ते काही बोलत नाहीत असं तुम्ही लिहिता. पण दरवर्षी अकराव्या महिन्यात त्यांच्याकडे शब्द कोण टाकतं, हे पत्रात नाही. तुमची पत्नी टाकत असेल तर घरातल्या चिडचिडीचं एक मोठं कारण तुम्हाला तिथेच सापडेल. सख्ख्या भावापुढे दरवर्षी हात पसरणं सोपं नसतं, भाऊ कितीही चांगला असला तरी. यंदाचे शेवटचे दोन महिने त्यांच्याकडून घ्यावेच लागतील, त्याला आता इलाज नाही. नव्या वर्षी रक्कम आली की मात्र जुनी पद्धत मोडा. सगळे 12 परत देऊन दहा महिन्यांनी पुन्हा 12 मागण्यापेक्षा त्यांना सरळ सांगा की 4 आता देतो, 4 पुढच्या वर्षी, 4 त्याच्या पुढच्या वर्षी, आणि मधे पुन्हा मागणार नाही. तारखांसकट लिहून द्या. त्यांना पैशाची निकड असेल तर तेही या निमित्ताने कळेल, आणि मग गाडीचा विचार लवकर करावा लागेल. पत्नीला आधी विश्वासात घ्या, पण हा फोन तिला करायला लावू नका. तुम्ही करा.